मदत हवी आहे : लहान मुक्तस्रोत प्रकल्पात अंतिम निर्णय कोणी घ्यावा?

आम्ही सहा जण मराठी शुद्धलेखन तपासणीचे एक मुक्तस्रोत, म्हणजे कोणालाही वापरता व बदलता येणारे, संगणकीय साधन सांभाळतो. शब्दसंग्रह कोणत्या स्वरूपात साठवावा, यावर चार महिने अडलो आहोत. सर्वसंमतीची वाट पाहिली, मतदानही घेतले, पण मते तीन-तीन अशी समान पडली. पायथन या संगणकभाषेच्या मूळ निर्मात्याने २०१८ साली अंतिम निर्णयाचा अधिकार सोडल्यावर तेथे पाच जणांचे निवडून दिलेले मंडळ आले; तरीही मोठा बदल आधी लेखी प्रस्तावातून, नाकारलेल्या पर्यायांच्या कारणांसह मांडण्याची पद्धत टिकली, आणि मला तीच सर्वांत मोलाची वाटते. मात्र आमच्याकडे निवडणुकीइतके लोक नाहीत, सर्वजण विनावेतन काम करतात आणि प्रकल्पाची दोन शकले होऊ द्यायची नाहीत. अशा गटात लेखी प्रस्तावावर शेवटचा शब्द प्रत्यक्ष काम करणाऱ्याचा असावा, की पाळीपाळीने नेमलेल्या एकाचा?