रॉक ऐकायला ट्यूब प्रीअँप: घ्यावा की नको?

कातळ (धागाकर्ता)
घरी रॉक ऐकण्यासाठी ट्यूब प्रीअँप (काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा, पॉवर अँपच्या आधी सिग्नल आणि व्हॉल्यूम सांभाळणारा) घ्यायचा विचार पक्का होत आलाय. हाताशी ट्रान्झिस्टरचा पॉवर अँप, आठ इंची वूफरचे स्पीकर, सीडी प्लेअर आणि टर्नटेबल आहे. पॉवर अँपच्या माहितीपुस्तिकेत इनपुट इम्पिडन्स (आत येणाऱ्या सिग्नलला होणारा विरोध) १० किलोओहम लिहिलंय आणि १ व्होल्टला तो पूर्ण ताकद देतो. ऐकणं मुख्यतः डीप पर्पल, ब्लॅक सॅबाथ, लेड झेपेलिन. बजेट ४० हजार.

माझं म्हणणं सरळ आहे. रॉकचा आवाज ट्यूबमधूनच जन्मला. मार्शलच्या गिटार अँपमध्ये ईसीसी८३ (म्हणजेच १२एएक्स७) आणि ईएल३४, व्हॉक्समध्ये ईएल८४, सगळ्या ट्यूबच. मग घरी ऐकतानाही वाटेत ट्यूब हवीच. प्रश्न एवढाच, १२एएक्स७ चं किट बांधून घेऊ की मित्राकडचा वापरलेला ६एसएन७ वाला घेऊ?

तारसप्तक
रॉक ट्यूबमधून जन्मला हे मान्य, पण त्यापुढचं ‘मग’ मान्य नाही.

गिटारवादक पॉवर कॉर्ड वाजवतो म्हणजे सा आणि प. आपल्या तानपुऱ्याचीच जोडी. ट्यूब तो आवाज फाडते तेव्हा त्यातून तार सा, तार प असे सगे सूरच बाहेर पडतात, कारण दोन्ही सुरांचं नातं २:३ चं आहे. त्यात गंधार घातला की तेच अँप गढूळ वाजायला लागतं, म्हणून तर भरपूर डिस्टॉर्शनवर वादक गंधार टाळतात. हे सगळं एका वाद्यापुरतं छान चालतं. घरच्या प्रीअँपमधून मात्र गिटार, बेस, ड्रम आणि गळा एकत्र जातात. तिथे ट्यूबने रंग भरायला सुरुवात केली तर बेसचे सूर गळ्याच्या सुरांत मिसळून असे आवाज तयार होतात जे कुणीच वाजवलेले नाहीत. मार्शलचा आवाज रेकॉर्डवर आधीच आहे. तो आहे तसा बाहेर येऊ द्या.

जुना रेडिओ
तारसप्तक, तुम्ही घरच्या प्रीअँपला गिटारचं अँप समजताय. गिटार अँपमध्ये ट्यूब मुद्दाम मर्यादेबाहेर ढकलतात. चांगला लाइन प्रीअँप (सीडी प्लेअरसारख्या उपकरणांच्या सिग्नलसाठीचा) एक-दोन व्होल्ट देताना आपल्या आवाक्याच्या खूप आत असतो. तिथे जे थोडं मिसळतं ते बहुतांशी दुसरा हार्मोनिक, म्हणजे वरच्या सप्तकातला तोच सूर.

माझ्याकडे ६एसएन७ चा प्रीअँप १२ वर्षं आहे. आधी ट्रान्झिस्टरचा होता. तेव्हा दोन अल्बम झाले की झांजा कानाला टोचायच्या, मी आवाज कमी करायचो. आता चार अल्बम ऐकतो. मोजमाप काही म्हणो, संध्याकाळभर ऐकणारा माणूस मी आहे. कातळ, ६एसएन७ घ्या.

तारसप्तक
झांजा टोचण्याचं कारण बऱ्याचदा सीडीतच असतं. नव्वदीच्या दशकापासून सीड्या जास्तीत जास्त मोठ्या वाजाव्यात म्हणून दाबून भरायला लागले. २००८ मध्ये मेटॅलिकाचा अल्बम आला तेव्हा त्याच गाण्यांची व्हिडिओ गेममधली आवृत्ती सीडीपेक्षा मोकळी वाजते हे चाहत्यांनीच दाखवून दिलं. दाबून सपाट झालेली लाट कुठलीही ट्यूब परत उभी करू शकत नाही. जुन्या मास्टरिंगची सीडी किंवा चांगली एलपी शोधा.

रोहित्र
दोघंही रंगावर भांडताय आणि धागाकर्त्याने दिलेला सगळ्यात महत्त्वाचा आकडा कुणी बघितलाच नाही. इनपुट १० किलोओहम! हा आकडा जितका लहान तितका भार जड, आणि ट्यूबसाठी हा जड भार आहे.

साध्या १२एएक्स७ किटमध्ये आउटपुट थेट प्लेटवरून (ट्यूबच्या धन टोकावरून) काढलेलं असेल तर त्याचा आउटपुट इम्पिडन्स ३५-४० किलोओहम असतो. त्याला १० किलोओहम जोडले की सिग्नलचा जेमतेम पाचवा हिस्सा पुढे पोचतो आणि ट्यूबला दम लागतो. कॅथोड फॉलोअर (आउटपुट इम्पिडन्स कमी करणारी ट्यूबची जोडणी) असलेला ६एसएन७ घेतलात तर हाच आकडा ४०० ओहमच्या आसपास येतो.

पण खरी मेख आउटपुट कपॅसिटरची आहे, म्हणजे बाहेर जाताना डीसी अडवणाऱ्या कपॅसिटरची. तिथे ०.४७ मायक्रोफॅरड असेल तर १० किलोओहमवर ३३ हर्ट्झच्या आसपास आवाज ३ डेसिबलने खाली आलेला असतो. बेस गिटारची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झची. म्हणजे तीही दोन डेसिबलने बारीक होते. रॉकचा पायाच काढून घेतल्यासारखं. आणि हलकं झालेलं हे खालचं अंग कानाला ‘मोकळं, स्वच्छ’ वाटतं, लोक त्याचं श्रेय ट्यूबला देतात. तिथे २.२ मायक्रोफॅरड घाला, मर्यादा थेट ७ हर्ट्झवर जाते.

दुसरं, गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढतो ते. सीडी प्लेअर २ व्होल्ट देतो, तुमच्या अँपला १ व्होल्ट पुरतो. गेनची गरजच नाही. १२एएक्स७ चा गुणक १००, ६एसएन७ चा २०. फ्लॅटमध्ये गेन जास्त झाला की व्हॉल्यूमचं बटण तळालाच अडकून राहतं, आणि त्यातला स्वस्त पोटेन्शिओमीटर नेमका तिथेच डावा-उजवा आवाज सारखा देत नाही.

जुना रेडिओ
माझ्या पॉवर अँपचं इनपुट ४७ किलोओहम आहे, म्हणून मला हे कधी जाणवलं नसावं. कपॅसिटरचा मुद्दा मान्य. कान मात्र माझे खोटे नाहीत.

सहावी तार
काचेतून केशरी दिवा दाखवणाऱ्या स्वस्त चिमुकल्या प्रीअँपपासून लांब राहा. त्यातल्या बऱ्याच जणांत ट्यूबला धड ३० व्होल्टही मिळत नाहीत, १२एएक्स७ ला दोनशेच्या वर लागतात. आणि कुठलाही घ्या, दुकानातच पेन्सिलीने ट्यूबवर हलकी टिचकी मारा. स्पीकरमधून टण्ण आलं तर मोठ्या आवाजात रॉक लावल्यावर ती ट्यूब स्वतःच वाजायला लागेल.

कातळ (धागाकर्ता)
तीन आठवड्यांनी येतोय. मित्राचा ६एसएन७ घरी आणला. आत कॅथोड फॉलोअर आहे आणि आउटपुटला ०.४७ मायक्रोफॅरड होता, रोहित्र यांनी लिहिला तोच.

४०० हर्ट्झचा सूर लावून मल्टिमीटरने स्पीकरच्या टोकांवर दोन्ही वेळा १.०० व्होल्ट येईल असं जुळवलं, एकदा प्रीअँपसह, एकदा सीडी प्लेअरच्या स्वतःच्या व्हॉल्यूमने थेट. पहिल्या दिवशी प्रीअँपमध्ये मला खूप ‘हवा’ (मोकळेपणा) जाणवली, गळा पुढे आला. मी खूश. मग बेसकडे लक्ष दिलं आणि तो खरोखर वाळला होता.

पुण्यात पासोड्या विठोबाजवळून २.२ मायक्रोफॅरड, ४०० व्होल्टचे दोन फिल्म कपॅसिटर आणले आणि कारागिराकडून बसवून घेतले. (स्वतः उघडू नका. आत अडीचशे व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये राहतात.) बेस परत आला. त्याबरोबर ती ‘हवा’ही बरीचशी गेली. मुलाला तारा बदलायला बसवून न बघता ओळखायचा प्रयत्न केला, दहापैकी सहा वेळा बरोबर.

तरी तो घेतला, २८ हजारांना. मला तीन उपकरणं जोडायला जागा आणि नीट व्हॉल्यूम हवाच होता, आणि संध्याकाळी तो लावून बसायला मला आवडतं. पण रॉक ट्यूबमधून जन्मला म्हणून घरी ट्यूब हवी, हे माझं कारण मी मागे घेतो. उरलेल्या पैशात स्पीकरचे जड स्टँड घेतोय.

जुना रेडिओ
दहा वेळा तारा बदलून थकवा कळत नाही. महिनाभर रोज ऐका, मग पुन्हा थेट जोडून बघा.

रोहित्र
चालू करताना आधी प्रीअँप, एक मिनिटाने पॉवर अँप. बंद करताना उलट. कपॅसिटर मोठा झालाय, नाहीतर वूफरला धक्का बसेल.

तारसप्तक
टर्नटेबलचं काय केलंत? मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज (टर्नटेबलच्या सुईचा भाग) ५ मिलिव्होल्टच्या आसपास देते, आणि आरआयएएचं इक्वलायझेशन (एलपीवर कमी करून कोरलेला बेस परत भरून काढणारी दुरुस्ती) लाइन प्रीअँपमध्ये नसतं.

कातळ (धागाकर्ता)
फोनो इनपुट नाहीये त्याला. म्हणजे स्टँड थांबवून आधी फोनो स्टेज बघावा लागेल. ट्यूबचा की साधा, त्यासाठी वेगळा धागा काढतो.