बायोइनऑरगॅनिकचा पेपर सक्तीचा असावा का?

घाटावरची (धागालेखिका):
'पिपेट' यांनी परवा आपल्या एम.एस्सी.च्या आठवणी लिहिताना असे विधान केले की बायोइनऑरगॅनिकच्या, म्हणजे सजीवांतील धातूंच्या रसायनशास्त्राच्या, पेपरने त्यांना रसायनशास्त्राचे सौंदर्य दाखवले आणि ज्यांना तो पाठांतराचा वाटतो त्यांनी विषय समजूनच घेतलेला नाही. ते एका केंद्रीय संस्थेत शिकले, मी तालुक्याच्या गावातील संलग्न महाविद्यालयात शिकले. त्या शेवटच्या वाक्याला उत्तर देणे मला भाग आहे.

आमच्याकडे सर वर्षानुवर्षे त्याच वहीतून मजकूर सांगत आणि आम्ही तो उतरवून घेत असू. परीक्षेत 'हिमोग्लोबिन व मायोग्लोबिन यांतील फरक स्पष्ट करा' हा रक्तातील आणि स्नायूंतील ऑक्सिजन धरणाऱ्या प्रथिनांवरचा प्रश्न ठरलेला. दोन रकान्यांत उत्तर लिहायचे, लोहाला मध्यभागी धरणाऱ्या पॉर्फिरिनची चौकट नीट काढायची आणि गुण घ्यायचे. डीऑक्सिहिमोग्लोबिनमधील (ऑक्सिजन न जोडलेल्या हिमोग्लोबिनमधील) लोहाजवळ चार अयुग्मित इलेक्ट्रॉन, ऑक्सिजनच्या रेणूजवळ दोन, आणि दोघे जोडले गेल्यावर मात्र एकही अयुग्मित इलेक्ट्रॉन उरत नाही, ही गोष्ट पॉलिंग आणि कोरिएल या रसायनशास्त्रज्ञांनी १९३६ मध्येच मोजून दाखवली होती. असे का होते, हा प्रश्न आमच्या वर्गात कधीही उच्चारला गेला नाही; तो मला नेट परीक्षेच्या तयारीत प्रथम भेटला. ज्या स्वरूपात हा पेपर बहुसंख्य ठिकाणी शिकवला जातो, त्या स्वरूपात तो सक्तीचा ठेवण्यापेक्षा त्या तासिका ग्रुप थिअरी आणि स्पेक्ट्रोस्कोपीला द्याव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे.

पिपेट:
माझ्या विधानात बदल करण्याचे मला कारण दिसत नाही. कार्बोनिक अॅनहायड्रेज या विकरातील झिंकचे डी-कक्षक पूर्ण भरलेले असल्यामुळे त्याचा वर्णपट काहीच बोलत नाही. म्हणून झिंक काढून त्या जागी कोबाल्ट बसवायचा आणि कोबाल्टच्या रंगावरून त्या जागेची भूमिती ओळखायची. आधीच्या सत्रात घोकलेली लिगंड फील्ड थिअरी (धातूभोवतीच्या अणूंमुळे त्याचा रंग कसा ठरतो ते सांगणारी) कशासाठी होती, हे मला त्या दिवशी समजले. पेरुट्झ यांनी मांडलेली हिमोग्लोबिनची यंत्रणाही तशीच आहे: लोहाचा अणू पॉर्फिरिनच्या पातळीबाहेर सुमारे ०.४ अँगस्ट्रॉम असतो, ऑक्सिजन जोडला की तो पातळीत येतो, सोबत हिस्टिडीनला ओढतो आणि त्या एवढ्याशा ओढीने अख्ख्या प्रथिनाची घडी बदलते. यात घोकायचे काय आहे? आपले सर वहीतून सांगत होते हा सरांचा दोष झाला. त्या न्यायाने विषय वगळत गेलो तर एम.एस्सी.त फक्त प्रवेश अर्ज शिल्लक राहील.

चिमटा:
मी तारापूरच्या एका औषध कारखान्यात गुणवत्ता नियंत्रण विभागात काम करतो. तिथे शिसे, कॅडमियम, आर्सेनिक, पारा आणि संश्लेषणातून मागे राहिलेले पॅलेडियम औषधांतील धातूंच्या अशुद्धीविषयीच्या क्यू३डी या मार्गदर्शक तत्त्वांच्या मर्यादेत आहे की नाही, हे आयसीपी-एमएस या सूक्ष्म प्रमाणातील धातू मोजणाऱ्या यंत्रावर पाहावे लागते. मुलाखतीत मला नमुना विरघळवण्याची पद्धत विचारली, नायट्रोजनेज (हवेतील नायट्रोजनचा अमोनिया करणारे विकर) कोणी विचारले नाही. सौंदर्य पाहायचे असेल त्यांनी खुशाल पाहावे. ते सर्वांवर लादू नये.

सावली:
'चिमटा' यांना नोकरीपलीकडे काही दिसत नाही, याचे आश्चर्य वाटत नाही. माझ्या मावशीला सिसप्लॅटिन हे कर्करोगावरचे प्लॅटिनमचे औषध दिले जात होते तेव्हा आधी सलाइनच्या बाटल्या का चढवतात, हे घरात कोणालाच कळत नव्हते. मूत्रपिंडे जपण्यासाठी ते करतात, एवढे परिचारिकेने सांगितले. ते औषध नुसत्या डेक्स्ट्रोजमध्ये का मिसळत नाहीत, हे मात्र मी सांगू शकले: क्लोराइड भरपूर असेल तोवर रेणूवरील दोन क्लोराइड जागेवर राहतात, पेशीत क्लोराइड कमी, म्हणून तिथे पाणी त्यांची जागा घेते आणि मग प्लॅटिनम डीएनएमधील ग्वानिनला जाऊन चिकटते. अॅल्युमिनियमचा भाग असलेली सुई त्या औषधाला चालत नाही, हेही मला त्याच पेपरमुळे पटले. या विषयाने मला त्या वॉर्डात निव्वळ घाबरून बसू दिले नाही, आणि हे कोणत्याही मुलाखतीपेक्षा मला मोठे वाटते.

चिमटा:
मावशींना आराम पडला असावा, ही सदिच्छा. परंतु एका कुटुंबाच्या अनुभवावरून पूर्ण विद्यापीठाचा अभ्यासक्रम ठरत नसतो.

जुना मास्तर:
वहीतून सांगणाऱ्या सरांवर सर्वांनी मनसोक्त रोष काढला, म्हणून लिहितो. मी तासिका तत्त्वावर काम करतो. माझे विशेषीकरण सेंद्रिय रसायनशास्त्रात आहे, तरीही बायोइनऑरगॅनिक मीच शिकवतो, कारण असेंद्रियची जागा अनेक वर्षे भरलेली नाही. मानधन महिनोन्‌महिने थकते. अशा स्थितीत वर्गात वही उघडली जाते हेच पुष्कळ आहे, असे मानावे.

तिरपागडा:
मास्तर, मानधनाचा प्रश्न खरा आहे. पण प्रयोगशाळेतील यंत्रांना लावलेल्या कुलुपाचे काय? आमच्या विभागात यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटर, म्हणजे द्रावण कोणता प्रकाश शोषते ते मोजणारे यंत्र, होता. त्यावर टेलरकडून शिवून घेतलेले मरून मखमलीचे आवरण असे आणि महाविद्यालयाचे मूल्यांकन करणारी नॅकची समिती येणार असली की ते उतरवून यंत्रासमोर आम्हाला पांढरे कोट घालून उभे करत. दोन वर्षांत मी त्याची कळ एकदाही दाबली नाही. ज्या विषयाची सर्व भाषा रंगाची आणि वर्णपटाची आहे, तो विषय यंत्राला हात न लावता शिकवला तर पाठांतराखेरीज दुसरे काय होणार? वादाचे मूळ या कुलुपात आहे. सक्ती असावी की नसावी, हा प्रश्न नंतरचा.

जुना मास्तर:
कुलूप हौसेने कोणी लावत नाही. ते यंत्र डेड स्टॉक रजिस्टरमध्ये (कायमस्वरूपी साहित्याच्या नोंदवहीत) एका व्यक्तीच्या नावावर असते. क्वार्ट्झचे क्युवेट (नमुना ठेवण्याची चौकोनी कुपी) फुटले तर भरपाई त्याच व्यक्तीकडून मागितली जाते, आणि अतिनील प्रकाश देणारा ड्यूटेरियमचा दिवा गेला तर नवा येईपर्यंत सत्र संपते. आपल्या बॅचमधील किती जण क्युवेट खरखरीत बाजूऐवजी पारदर्शक बाजूने धरत, हे एकदा आठवून पाहावे.

तिरपागडा:
धरायला दिलेच नाही, तर चुकीचे कसे धरणार? हे उत्तर मला विद्यार्थी असतानाही मिळाले होते, शब्दशः हेच. विद्यार्थ्यांवर विश्वास नसेल तर प्रयोगशाळा शुल्क घेणेही बंद करावे.

सावली:
यंत्र फुटेल म्हणून विद्यार्थी अडाणी ठेवायचे, हे धोरण मला तरी अजब वाटते.

पिपेट:
भांडण वाढण्यापूर्वी एक व्यवहार्य गोष्ट सांगतो. हिमोग्लोबिनचे मोजमाप दृश्य प्रकाशात होते, म्हणून त्यासाठी क्वार्ट्झही नको आणि ड्यूटेरियमचा दिवाही नको. खाटकाकडून बकऱ्याचे ताजे रक्त आणावे, गोठू नये म्हणून सायट्रेट घालावे आणि पुष्कळ पातळ करावे. ऑक्सिजनयुक्त नमुन्याला ५४१ आणि ५७७ नॅनोमीटरजवळ दोन शिखरे दिसतात. त्यात चिमूटभर सोडियम डायथायोनाइट टाकले की लालभडक रंग जांभळट होतो आणि दोन शिखरांच्या जागी ५५५ नॅनोमीटरजवळ एकच पसरट शिखर उरते. साधे काचेचे क्युवेट पुरते, आणि यंत्र मिळाले नाही तरी रंगबदल डोळ्यांना दिसतो. डायथायोनाइट म्हणजे इचलकरंजीच्या रंगकामातले हायड्रोज. काही गुऱ्हाळांत गूळ पिवळा दिसावा म्हणून ते नको तितके वापरतात, तेव्हा मिळणार नाही अशी सबब कोल्हापुरात तरी चालणार नाही.

घाटावरची:
केंद्रीय संस्थेत शिकलेल्या सद्गृहस्थांना अखेर बकऱ्याच्या रक्तापर्यंत खाली उतरावे लागले, याची नोंद घेते. हा प्रयोग मला दाखवला गेला असता तर फरकाचे दोन रकाने मी स्वतःच लिहिले असते, एवढे मान्य. पण सक्तीबाबतचे माझे मत कायम आहे. चार युनिटे घाईने उरकण्यापेक्षा ऑक्सिजनवहन आणि औषधांतील धातुसंकुले ही दोनच ठेवावीत, दोन्हींना प्रात्यक्षिक जोडावे आणि फोटोसिस्टिम (प्रकाशसंश्लेषणातील प्रथिनसंकुले), नायट्रोजनेज ऐच्छिक करावेत. नायट्रोजनेजमधील लोह-मॉलिब्डेनम संकुलाच्या मध्यभागी कार्बन आहे, हे २०११ मध्ये निश्चित झाले. आमच्या वहीत त्यानंतरही ती जागा रिकामीच होती. तसे शिकवण्यापेक्षा न शिकवलेले बरे.

पिपेट:
नायट्रोजनेज वगळण्यास माझा विरोध आहे. ते ज्या गाठीत काम करते ती सोयाबीनच्या मुळावरची गाठ कापली की आत गुलाबी दिसते, तेही हिमोग्लोबिनसारख्या प्रथिनातील लोहाचेच काम आहे. विदर्भ-मराठवाड्यातील विद्यार्थ्याला याहून जवळचे उदाहरण कुठे मिळेल? मात्र वही जुनी होती, हा मुद्दा आपला.

जुना मास्तर:
सायट्रेट आमच्या भांडारात आहे, हायड्रोजही मिळवता येईल. रक्त आणण्यासाठी प्राचार्यांची लेखी परवानगी लागेल. तो अर्ज मी उद्या देऊ शकत नाही, कारण थकलेल्या मानधनाचा माझा अर्ज अजून त्यांच्या टेबलावर आहे, आणि एका वेळी दोन अर्ज ते वाचत नाहीत.