अकिलीस टेंडन (पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारा जाड पट्टा) दुखतोय, व्यायाम थांबवू का?

प्रश्न: सकाळी टाचेमागे ताठरपणा, धावताना दुखतं. पूर्ण विश्रांती घ्यावी का?

उत्तर: नको, नुसत्या विश्रांतीने टेंडन आणखी कमकुवत होतो. चवडे पायरीच्या कडेवर ठेवा. दोन्ही पायांनी टाचा वर उचला, मग दुखऱ्या एकाच पायावर टाच सावकाश पायरीखाली न्या. १५-१५ च्या ३ फेऱ्या गुडघा सरळ ठेवून, ३ किंचित वाकवून. दिवसातून दोनदा, १२ आठवडे. मध्येच कंटाळून सोडू नका!

उत्तर: आधी दुखण्याची जागा बघा. टेंडन टाचेच्या हाडाला जुळतो तिथेच दुखत असेल तर टाच पायरीखाली नेऊ नका, तो हाडावर दाबला जातो. सपाट जमिनीवर करा.

उत्तर: थोडं दुखलं तर चालतं. दुसऱ्या सकाळी ताठरपणा वाढला तर फेऱ्या कमी करा. ‘फट्’ आवाज होऊन चवड्यावर उभंच राहता येईना, तर व्यायाम बंद. त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञ.