विनिपेग ते व्हँकूवर, गाडीने : तुमचेही अनुभव लिहा

मंडळी, पश्चिम कॅनडा बघायला जाणारे बहुतेक जण विमानाने कॅलगरीला उतरतात, बॅन्फ-जास्पर करतात आणि परततात. आम्ही गेल्या जुलैत विनिपेगहून गाडी काढली आणि चौदा दिवसांनी व्हँकूवरला समुद्र पाहिला. महामार्ग क्रमांक १ ने सरळ गेलं तर साधारण २३०० किलोमीटर. आडवाटा धरल्यामुळे आमचे बरेच जास्त झाले. प्रेअरीची सपाट मैदानं वगळून रॉकीजचे डोंगर बघणं म्हणजे विलंबित न ऐकता थेट द्रुताला येऊन बसणं, असं माझं आता ठाम मत झालं आहे. तीन दिवस सपाट जमीन मागे टाकल्यावर कॅलगरीच्या अलीकडे क्षितिजावर एक निळसर, दातेरी रेघ दिसली. ढग असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही. थोड्या वेळाने मागून लेक म्हणाली, "बाबा, तो ढग हलतच नाहीये."

हा रस्ता किंवा त्याचा एखादा तुकडा ज्यांनी केलाय त्यांनी जरूर लिहा. कुठे थांबलात, काय चुकलं, आईवडील बरोबर असतील तर कसं जमवलंत. दोन ओळी लिहिल्या तरी चालेल.

सॅस्कटूनहून

नऊ वर्षं इथे राहते आहे. "तिकडे बघण्यासारखं काय आहे?" हे ऐकून ऐकून कान किटले. जुलैच्या मध्यावर या. कनोला फुललेला असतो, आपल्या मोहरीच्याच कुळातला. रस्त्याच्या दोन्ही कडांपासून पिवळा रंग निघतो तो थेट आभाळाला टेकतो. मध्येच एखादं जवसाचं शेत लागतं, निळ्या फुलांचं. लांबून तळंच वाटतं, आणि दुपारी पाकळ्या गळल्या की ते तळं नाहीसं होतं. रेल्वेरुळांना लागून धान्याचे उंच लाकडी एलिव्हेटर, म्हणजे कोठारं, दिसतील. एकेकाळी हजारोंनी होते, आता थोडेच उरलेत. दिसला तर थांबा.

पण मला सांगायचंय ते नदीबद्दल. साउथ सॅस्कॅचवान नदी माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे. माझं माहेर वाईचं. कृष्णा आमच्या घाटावर येते ती महाबळेश्वराहून, हे लहानपणापासून पायाखालचं. मग या नदीचा उगम कुठे, हे बघायला नको? एका सप्टेंबरात आम्ही पाण्याच्या उलट दिशेने निघालो. मेडिसिन हॅटच्या पश्चिमेला बो आणि ओल्डमन या दोन नद्या मिळून ही नदी होते. आम्ही बो धरली. कॅलगरी, कॅनमोर, बॅन्फ, आणि शेवटी बो लेक. वर बो हिमनदी, तिचं पाणी कड्यावरून धबधब्याने उतरून खाली तळ्याकडे येतं. मी काठावर बसून ओंजळ भरली. बोटं लगेच बधिर झाली, पण पाणी सोडवेना. हेच पाणी पुढे माझ्या पुलाखालून जाणार, विनिपेग सरोवरात आणि तिथून हडसन उपसागरात. त्या दिवसापासून हे गाव मला परकं वाटलेलं नाही.

एक व्यवहाराचं : आमच्या सॅस्कॅचवान प्रांतात उन्हाळ्यात घड्याळं पुढे करत नाहीत. उन्हाळ्यात विनिपेगकडून, म्हणजे मॅनिटोबातून, आलात की एक तास मागे.

नाशिकहून (सध्या मुक्काम एडमंटन)

सांगतेय मी, टाइप मुलगा करतोय. वय ७१, गुडघे दुखतात. वाटलं होतं, आपण गाडीत बसून राहू. बॅन्फमधल्या मोरेन लेकला २०२३ पासून स्वतःची गाडी नेऊ देत नाहीत, शटल बस घ्यावी लागते. तिच्या काही जागा दोन दिवस आधी सकाळी आठला उघडतात. सूनबाई आठला पाच कमी असताना फोन हातात घेऊन बसली, म्हणून मिळाल्या. पाण्याचा तो निळा रंग पाहून मी आधी डोळेच पुसले.

पण मनात राहिली ती जास्परच्या वाटेवरची अथाबास्का हिमनदी. बर्फ कोणत्या साली कुठवर होता त्याच्या पाट्या वाटेवर रोवल्यात. सुनेचा हात धरून एकेक साल वाचत गेले. मुलगा झाला त्या सुमाराचं साल आलं तिथे थांबले. बर्फ अजून खूप वर होता. साधारण सव्वाशे वर्षांत दीड किलोमीटरहून जास्त मागे गेला, असं मुलाने सांगितलं. नातू पुढे धावला. मी तिथेच दगडावर बसले, दशमी नि शेंगदाण्याची चटणी काढली, पण खावंसं वाटलं नाही.

कॅलगरीहून

काकू, त्या पाट्यांपाशी माझंही असंच झालं होतं.

नव्यांसाठी : लेक लुईस ते जास्पर २३२ किलोमीटर, आणि मध्ये पेट्रोलपंप एकच, सॅस्कॅचवान क्रॉसिंगला. तोही हिवाळ्यात बंद. फोनला बहुतेक ठिकाणी रेंज नाही, नकाशे आधीच उतरवून घ्या. पहिल्या वर्षी आम्ही पाव टाकीवर निघालो आणि क्रॉसिंगपर्यंत जीव मुठीत धरून गेलो. राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक कौटुंबिक पास एका गाडीतल्या सात जणांपर्यंत चालतो. एल्कपासून (मोठं हरीण) किमान ३० मीटर, अस्वलापासून १०० मीटर लांब राहा. फोटोसाठी गाडीतून उतरणारे बघितले की पोटात गोळा येतो.

आणि जास्परला जा. जुलै २०२४ च्या वणव्यात गावातल्या साधारण एक तृतीयांश इमारती जळाल्या. गेल्या वर्षी गेलो तर आम्ही पूर्वी राहिलो होतो त्या गल्लीत काँक्रीटच्या तीन पायऱ्या उभ्या होत्या, मागे घर नाही. काळ्या खोडांखाली फायरवीडची गुलाबी फुलं दाटली होती. तिथल्या लोकांचं पोट पर्यटकांवर आहे. 'जळलंय, आता काय बघायचं' म्हणून टाळू नका.

ब्रॅम्प्टनहून

ट्रक चालवतो, त्यामुळे हा रस्ता मी बाराही महिने बघतो. हिवाळ्यात जाणार असाल तर रॉजर्स पास हा घाट (उंची १३३० मीटर) हलक्यात घेऊ नका. तिथे हिमकडे मुद्दाम खाली पाडायला कॅनडाचं सैन्य तोफा डागतं आणि तेवढा वेळ रस्ता बंद ठेवतात. एकदा रांगेत इंजिन बंद करून बसलो होतो. आवाज आला, मग छातीत घुमला, मग समोरच्या डोंगरावरून पांढरा लोट उतरला. ब्रिटिश कोलंबियाच्या घाटांत १ ऑक्टोबरपासून हिवाळी टायर सक्तीचे आहेत. भूक लागली तर या मार्गावर पंजाबी ढाबे आहेत. रात्री दोन वाजता गरम राजमा-चावल समोर आला की वाढणाऱ्याला आशीर्वाद द्यावासा वाटतो.

पुण्याहून

येत्या जुलैत जायचं आहे, बरोबर पाच वर्षांचा मुलगा. प्रेअरीत त्याला कंटाळा नाही का येणार?

सॅस्कटूनहून

कॅलगरीच्या अलीकडे ड्रमहेलर गाव आहे, तिथे एक दिवस ठेवा. रॉयल टिरेल संग्रहालयात डायनोसॉरचे खरे सांगाडे आहेत, तो तिथून निघायलाच तयार होणार नाही. आमच्याकडे आलात तर आदल्या रात्रीच कळवा, शेतं दाखवायला मी येते. फक्त सकाळी दहाच्या आत निघायचं, नाहीतर जवसाचं तळं मिळायचं नाही.