खान्देशात स्वतःच्या स्वतः पक्षीसहल आखताना

टूरवाल्याच्या मागे न जाता तापीकाठ आणि सातपुडा पाहायला येणारे आता वाढले आहेत. प्रजातींच्या याद्या सगळीकडे मिळतात, पण कोणत्या महिन्यात कुठे उभं राहायचं आणि बेत कुठे फसतो, हे इथे फिरणाऱ्यांनाच ठाऊक असतं. म्हणून गावोगावच्या पक्षीनिरीक्षकांना सांगितलं: तेवढंच लिहा, प्रवासवर्णन नको. त्यांनी लिहिलेलं खाली गावांच्या नावांनी दिलं आहे.

भुसावळहून

दिवाळीच्या सुट्टीत तापीवरच्या हतनूर धरणाचा बेत ठेवू नका. पावसाळाभर गाळासाठी आणि पुरासाठी दारं उघडी असतात, पाणी शेवटी अडवतात. त्यामुळे ऑक्टोबर-नोव्हेंबरात जलाशय काठोकाठ असतो. चिखल नाही, उथळ पाणी नाही. बदकं आलेली असली तरी मधोमध बसतात, दुर्बिणीतून नुसते ठिपके दिसतात. पाणी उतरून गाळपेर (उघड्या पडलेल्या गाळातली पेरणी) सुरू झाली की चित्र बदलतं. जानेवारीचा मध्य ते फेब्रुवारीअखेर हा खरा काळ. थापट्या आणि तलवार बदक उथळ काठाला लागतात, मोठी लालसरी पाणवनस्पतीच्या पट्ट्यावर डुबक्या मारते, पट्टकादंब (डोक्यावर पट्टे असलेले हंस) सकाळी कोवळ्या पिकात चरतात. त्यांच्यामागे पिकात शिरू नका. ते शेतकऱ्याचं रान आहे, बांधावरूनच पाहा.

चांगदेवला, तापी-पूर्णेच्या संगमाजवळ, सूर्योदयाच्या आधी पोचा. ऊन पाठीवर येईल असाच काठ निवडा. तोंडावर ऊन आलं की मोठी आणि साधी अशा दोन्ही लालसऱ्या सारख्याच काळ्या दिसतात. स्पॉटिंग स्कोप (तिपाईवरची एका डोळ्याची दुर्बीण) २०-६० पटींचा असला तरी सकाळी दहानंतर ३० पटींच्या वर नेऊ नका, पाण्यावरची हवा थरथरते आणि नुसती मोठी, धुरकट आकृती मिळते. नावेने थव्यात जाणं तर मुळीच नको. एकदा उठलेला थवा दोन-दोन तास खाली बसत नाही, आणि काठावर उभ्या असलेल्या बाकीच्यांची सकाळही वाया जाते.

शहाद्याहून

बहुतेक जण येतात ते रानपिंगळ्यासाठी, म्हणजे एका दुर्मिळ छोट्या घुबडासाठी. १८८४ नंतर या पक्ष्याचा खात्रीचा नमुना नव्हता. नोव्हेंबर १९९७ मध्ये पक्षीअभ्यासक पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना तो शहाद्याजवळच्या सागवानात पुन्हा दिसला. तेव्हापासून लोक थेट तोरणमाळचं पठार गाठतात आणि वर यशवंत तलावाभोवती शोधत बसतात. तोरणमाळ साधारण ११५० मीटरवर आहे. पण रानपिंगळ्याला हवं ते पायथ्याचं आणि मधल्या उतारांचं विरळ सागवान, जिथे जमीन उघडी असते आणि सरडे सापडतात.

हा दिवसा वावरणारा पक्षी आहे, म्हणून रात्री टॉर्च घेऊन फिरण्यात अर्थ नाही. सकाळी साडेसहा ते दहा, वाळक्या किंवा निष्पर्ण सागाचे शेंडे एकेक करून तपासा. पानगळ पुरती व्हायला जानेवारीअखेर उजाडते. त्याआधी सागाची रुंद पानं समोरचा पक्षीही झाकतात.

गफलत होते ती साध्या पिंगळ्याशी. साध्याच्या डोक्यावर-पाठीवर पांढरे ठिपके भरपूर असतात. रानपिंगळ्याचं डोकं-पाठ जवळजवळ कोरी, छातीवर तपकिरी गडद पट्टा, पोटाचा मध्य पांढराशुभ्र, शेपटीवर रुंद पट्टे आणि पायाच्या बोटांपर्यंत पांढरी पिसं. फोटो काढाल तर पाय आणि शेपटी फ्रेममध्ये घ्या, नुसत्या चेहऱ्यावरून वाद मिटत नाही. अंगभर आडव्या बारीक रेघा असतील तर तो जंगली पिंगळा.

एक कळकळीचं सांगणं. ऑक्टोबर ते मे हा त्याच्या विणीचा काळ, म्हणजे आपला सगळा हंगाम त्याच्या घरट्याचा हंगाम आहे. मोबाइलवर आवाज वाजवू नका. पक्षी शेपटी झटकायला लागला, सारखा ओरडू लागला, की मागे फिरा. ढोलीचा ठावठिकाणा कुठेही लिहू नका.

शिरपूरहून

तारखा ठरवताना सण पाहा, इथेच बाहेरच्यांची फसगत होते. दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा आणि घोडेबाजार, तेव्हा शहाद्यात खोली मिळणं कठीण. महाशिवरात्रीला तोरणमाळला गोरक्षनाथाची यात्रा, घाटात गाड्यांची रांग. होळीआधीच्या आठवड्यात भोंगऱ्या बाजार हा आदिवासींचा सण, मग जीपही नाही आणि वाटाड्याही नाही. त्या दिवसांत पावरा-भिल्ल वाटाड्याने आपला सण सोडून यावं, अशी अपेक्षाही करू नये. एरवी मात्र वाटाड्या घ्याच. मजुरी आदल्या दिवशी ठरवा आणि रोख द्या, वर नेटवर्कचा भरवसा नाही. नकाशे शहाद्यातच उतरवून ठेवा.

रावेरहून

यावल अभयारण्यासाठी मुक्काम पाल गावी. वन विश्रामगृह आणि प्रवेश यांची परवानगी आधी वनखात्याकडून घ्या, फाटकावर विनवण्या करून सकाळचे दोन तास जातात. सुकी धरणाचा काठ संध्याकाळी करा, जंगल सकाळी.

धुळ्याहून

दुर्बीण ८×४२ (आठपट, ४२ मिमीच्या भिंगांची). जंगलात १०×५० हातात थरथरते आणि पहाटेच्या उजेडात त्याचा फायदा नाही. खाजकुइलीच्या शेंगा हिवाळ्यात वाळतात, त्यांची लव उडते. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, वेलीखाली उभे राहू नका. लव लागली तर चोळू नका, चिकटपट्टीने उचला, मग धुवा. गोचीड गुरांच्या वाटांवर जास्त, पँट मोज्यांत खोचा. पाणी माणशी ४ लिटर.

वेळ उरला तर लळिंगचं कुरण करा. चंडोल आणि भोवत्या (कुरणावर घिरट्या घालणारे शिकारी पक्षी) पाहायला संध्याकाळचे दीड-दोन तास पुरतात.

चोपड्याहून

उन्हाळ्यात यायचंच असेल तर साडेनऊला परत फिरा. पारा ४३-४५ वर जातो आणि पक्षीही सावलीत गप्प असतात. पाणवठ्यापासून दूर, आडोशाला बसा. तुम्ही पाण्यालगत बसलात तर तहानलेली पाखरं उतरतच नाहीत.

जळगावहून

हतनूर आणि तोरणमाळ दोन दिवसांत कोंबू नका. दोन्हींमध्ये अख्ख्या खान्देशाची लांबी आहे. पाच दिवस धरा. पहिल्या दुपारी रेल्वेने भुसावळ, संध्याकाळी हतनूर. दुसऱ्या सकाळी चांगदेव, दुपारी पाल. तिसरा दिवस यावलचं जंगल. चौथ्या दिवशी बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्याने यावल, चोपडा, शिरपूर करत शहादा. या रस्त्यावर केळीचे आणि उसाचे ट्रक असतात, म्हणून अंधार पडण्याआधी पोचा. पाचवी सकाळ सागवानाची. रानपिंगळा हेच उद्दिष्ट असेल तर शहाद्याला आणखी एक सकाळ जोडा आणि चांगदेवची कमी करा.