जुन्या बीच वृक्षाची छाटणी किती करावी?

सरेतील कोकणी:
नमस्कार. इंग्लंडमध्ये सरे परगण्यात आमच्या घरामागे सुमारे 20 मीटर उंचीचा जुना बीच (थंड प्रदेशातला पानगळीचा वृक्ष) आहे. शेजारच्या आजींच्या परसात दुपारनंतर ऊन पोहोचत नाही, म्हणून बोलावलेल्या कंत्राटदाराने फांद्यापानांचा घेर सरसकट 30 टक्के कमी करून शेंडाही खाली आणावा, असे सुचवले आहे. गावी राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायला, ऐन-किंजळीचा कवळ (पानांसकट डहाळ्या) दरवर्षी तोडलेला मी पाहिला आहे आणि ती झाडे पुढच्या पावसात पुन्हा भरून येत, त्यामुळे आधी मला यात वावगे वाटले नाही. मात्र आम्ही येण्यापूर्वी कोणीतरी याच झाडाची एक जाड फांदी खोडालगत सपाट कापली होती. तिथे आता ढोली पडली असून बोट घातले की आतले लाकूड ओल्या भुशासारखे सुटून येते. इतकी छाटणी या झाडाला सोसेल का?

आरी आणि दोर:
मी इकडे बरीच वर्षे झाडांवर चढून हेच काम करतो, म्हणून कळकळीने सांगतो की शेंडा कापू देऊ नका. ऐन-किंजळीला जुन्या लाकडातून फुटवे येतात; म्हाताऱ्या बीचला ते सहजी येत नाहीत, आणि फांदी उघडी बोडकी राहिली तर ती वाळण्याचीच शक्यता जास्त असते. शिवाय झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही. अमेरिकेचे वृक्षशास्त्रज्ञ ॲलेक्स शायगो यांनी असंख्य खोडे उभी चिरून दाखवून दिले की झाड कुजलेल्या भागाभोवती आतून भिंत उभारते व वरून नवे लाकूड चढवते. बीचच्या बाबतीत ही भिंत कच्ची ठरते. फांदीच्या बुडाशी जो फुगीर कडा असतो, तो न दुखावता त्याच्या बाहेरून काप घ्यायला हवा होता. तुमच्याकडे तोच कडा कापला गेला, म्हणून ती ढोली.

दुसरे कारण सालीचे. बीचची करडी साल फार पातळ असते आणि वर्षानुवर्षे सावलीत वाढलेल्या खोडावर एकदम ऊन पडले तर ती भाजून तडकते. मी स्वतः जुन्या बीचवर मनगटापेक्षा जाड काप शक्यतो घेत नाही, आणि पालवी फुटताना व पानगळीच्या दिवसांत आरी लावत नाही. छाटणीला टक्केवारी हे कारण होऊ शकत नाही. कोणती फांदी आणि कशासाठी, हे कंत्राटदाराला बोट दाखवून सांगता आले पाहिजे.

परवाना पाहा:
आधी काउन्सिलकडे चौकशी करा. झाडावर संरक्षण आदेश असेल तर लेखी संमतीशिवाय जिवंत फांदीला हात लावता येत नाही; परिसर संवर्धन क्षेत्रात असेल तर 6 आठवड्यांची पूर्वसूचना द्यावी लागते. पक्ष्यांची वापरातली घरटी आणि वटवाघळांची विश्रांतिस्थाने यांना 1981 च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे, तेव्हा तुमची ती ढोलीही तपासून घ्या.

रानवाटा:
शक्य झाल्यास बकिंगहॅमशायरमधील बर्नहॅम बीचेस पाहून या. लंडन सिटी कॉर्पोरेशनने हे रान 1880 साली विकत घेऊन राखले. तिथल्या बीचच्या फांद्या पूर्वी सरपणासाठी ठरावीक वर्षांनी माणसाच्या डोक्यावरच्या उंचीवर तोडत. ती प्रथा बंद पडल्यावर पोकळ बुंध्यांवर अवजड फांद्या वाढल्या. तो भार आता थोडा थोडा, मध्ये काही वर्षे सोडून आणि पुरेशी पाने राखूनच उतरवतात. ज्या झाडांना तोड सोसायची सवय होती त्यांच्याशीही इतके जपून वागतात.

आरी आणि दोर:
एक सांगायचे राहिले. बुंध्याभोवतीचा पालापाचोळा हाताने बाजूला करून मुळांच्या जोडांवर काळा, कोळशासारखा ठिसूळ थर किंवा जमिनीलगत पंख्यासारखी तपकिरी अळंबी दिसते का, ते पाहा. या दोन्ही गोष्टी मुळे कुजल्याची खूण असू शकतात.

सरेतील कोकणी:
आपणा सर्वांचा आभारी आहे. कंत्राटदाराला नकार कळवला. आजींनाही झाडाजवळ नेऊन ढोली दाखवली. त्यांच्या बाजूच्या दोन खालच्या फांद्या टोकाकडून थोड्या आखूड केल्या तरी चालेल, असे त्या म्हणाल्या. परंतु काल पाला सारल्यावर उत्तरेकडच्या मुळाशी परातीएवढी तपकिरी अळंबी सापडली. आता स्वतंत्र वृक्षतज्ज्ञ तपासून जाईपर्यंत त्या दोन फांद्याही तशाच ठेवल्या आहेत आणि झाडाखालचे बाक उचलून घराजवळ आणले आहे.