'तपास चालू आहे' एवढंच कारण पुरत नाही
तपास चालू असेल तर पोलीस काहीच देत नाहीत, माहिती अधिकाराचा अर्ज करून उपयोग नाही, असं बरेच जण म्हणतात. पहिलं खरं, ठाण्यात हे ठरलेलं उत्तर असतं. दुसरं पटत नाही. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ज) नुसार माहिती दिल्याने तपासात अडथळा येणार असेल तरच नकार देता येतो, नुसता तपास चालू असणं पुरत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ साली भगतसिंग नावाच्या अर्जदाराच्या प्रकरणात हेच सांगितलं. नकार योग्य होता हे दाखवायची जबाबदारीही कलम १९(५) प्रमाणे माहिती अधिकाऱ्याचीच. तेव्हा ३० दिवसांत पहिलं अपील टाका आणि अडथळा नेमका कसा येतो, एवढंच विचारा.

एफआयआरसाठी तर अर्जही नको. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशामुळे संवेदनशील गुन्हे सोडले तर तो वेबसाइटवर टाकावाच लागतो. (शोधताना कॅप्चा जीव खातो, ते वेगळं.)